फोटोतली टोपली

डोक्यावरून जितक्या टोपल्या बाजारात गेल्या तितक्याच परत घरी आल्या, तेव्हा सासऱ्यांनी बाजाराच्या नावानं थुंकायचंही सोडून दिलं. शेजारच्या ताडपत्रीखाली प्लॅस्टिकवाला बसायचा. लाल, निळी, पोपटी घमेली आणि टोपल्या. "आपटा, बसा, नाचा, तुटणार नाही!" असं ओरडायचा आणि खरंच एक पालथी घालून तिच्यावर उभा राहून दाखवायचा.

सासरे म्हणायचे, "टोपलीवर उभं राहायचं असतं होय रे? टोपली काय स्टूल आहे?"

लोक खदखदून हसायचे आणि प्लॅस्टिक घेऊन जायचे. विनोद ह्यांचा, गिऱ्हाईक त्याचं.

पाऊस लांबला होता. नदीकाठचं बांबूचं बेट वाळून खडखडीत झालेलं, चिरायला घेतलं की बांबू मध्येच फुटायचा. थोरला मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, डोंगराच्या पायथ्याला खडी मशीनवर कामाला लागला. रजा मिळाली की घरी यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा भुवया, पापण्या, कानातले केस, सगळं पांढरं. सासू हसली. "अगं बाई, माझ्या आधी म्हातारा झाला की हा!" दुसऱ्या वेळी कुणी हसलं नाही. तो भिंतीला टेकून बसून झोपायचा, आडवा झाला की दम कोंडायचा. सकाळी मोरीत जे थुंकायचा ते सिमेंट कालवल्यासारखं असायचं. सून त्याचे कपडे बादलीत बुडवायची तर पाणी दुधासारखं व्हायचं, तळाला कच बसायची आणि ती कच बोटांची साल काढायची. मशीनवर त्याच्या आधी जो माणूस होता तो आता कुठं आहे, हे तिनं एकदा विचारलं. "घरी असतो," थोरला म्हणाला. "बसून असतो. जिना चढत नाही."

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. नवरा त्या मशीनवरून परत आणायचा. कसा ते तिला माहीत नव्हतं. टोपल्या विकल्या जात नव्हत्या, आणि घरात दुसरं कुणाला काही येत नव्हतं.

कसा आणायचा, ते धाकट्या दिराला माहीत होतं. निदान तो तसं म्हणायचा.

धाकटा शहरात एका गोदामात खोक्यांवर चिकटपट्ट्या मारायचं काम करून आला होता. काम सुटलं होतं, पण चिकटपट्टीचा ऐटबाज हात आणि मोठा मोबाईल एवढं घेऊन आला होता. "वहिनी, लोक काय काय विकतात तिकडं! नदीतले गोटे विकतात. गोटे! डबीत कापूस घालून. आणि परदेशातले लोक मागवतात. आपण तर टोपल्या विणतो."

"गोटा आपटला तरी तुटत नाही ना, म्हणून घेत असतील," सासरे म्हणाले.

तरी धाकट्यानं मोबाईलवर दुकान काढलं. काढलं म्हणजे अंगठ्यानं दाबून दाबून काढलं. शटर नाही की पाटी नाही. दुकानात ठेवायला फोटो हवा होता. अंगणात सासऱ्यांनी विणलेल्या टोपल्यांची चळत होती, पण नव्या बांबूच्या टोपल्या फोटोत सोललेल्या काकडीसारख्या दिसायच्या. पांढऱ्याफटक. धाकटा घरभर फिरला आणि स्वयंपाकघरात मान वर करून थांबला.

चुलीच्या वर, वाशाला, सासूची टोपली टांगलेली होती. लग्न झालं त्या वर्षी सासऱ्यांनी तिच्यासाठी विणलेली. लसूण, मिरच्या, बियांच्या पुरचुंड्या, जे उंदरापासून वाचवायचं ते सगळं तिच्यात. धाकटा जन्मला नव्हता तेव्हापासून ती धुरावर लटकत होती. रोज सासूचा तेलकट हात तिच्या काठाला लागायचा. ती आता म्हशीच्या शिंगासारखी झाली होती, काळी, तांबूस, आणि उजेड पडला की आतून चमकणारी.

"ही!" धाकटा म्हणाला.

सासूला ओशाळल्यासारखं झालं. "ही कशाला रे, घाण झालीय. थांब, राखेनं घासून देते."

"हात लावू नकोस, आई!"

"अरे, लोक काय म्हणतील? यांच्या घरात एक धड टोपली नाही?"

सासऱ्यांनाही तेच वाटलं. त्यांच्या लेखी टोपली म्हणजे माप, वीण आणि बूड. ते तिन्ही या टोपलीत होतं आणि अंगणातल्या चळतीतही होतं, कारण हात तोच होता. काळेपणा हा टोपलीचा भागच नव्हता, तो मळ होता. बाजारात असली काळी टोपली फुकट दिली तरी कुणी शिवलं नसतं. "दाखव बाबा जुनी दाखवायची तर," ते म्हणाले. "पाठवताना नवी कोरी पाठवू. नवी मिळाल्यावर कोण रडतंय?"

उंबऱ्यावर तिरपं ऊन पडलं तेव्हा धाकट्यानं फोटो काढला. मांजर येऊन टोपलीत बसलं तेही राहू दिलं.

फोटोनं कमाल केली. दूरच्या कुठल्याशा देशातली एक बाई होती, तिचं स्वतःचं दुकान होतं, काचेचं. तिनं लिहिलं की आधी थोड्या टोपल्या पाठवा, आवडल्या तर पुष्कळ घेईन. धाकट्यानं ते वाचून दाखवलं तेव्हा सासऱ्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग कोयता दगडावर घासला आणि कामाला बसले. असं काम त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. कामट्या इतक्या पातळ काढल्या की वाऱ्यानं थरथरायच्या. काठ असा बांधला की गाठ कुठं आहे ते बोटाला कळू नये. सुनेनं पाठीमागे बसून कामट्या तासल्या. तिच्या मांडीवर सालपटांचा ढीग पडायचा.

पोस्टात खोकं घेऊन सून आणि धाकटा गेले. काउंटरवरचा कारकून चष्म्यावरून बघत म्हणाला, "काय आहे ह्यात?"

"टोपल्या."

"आणि टोपल्यांत?"

"काही नाही."

"काही नाही?" त्यानं रांगेकडे पाहिलं. "रिकाम्या टोपल्या परदेशात? तिकडं टोपल्या संपल्या का? का तिकडून भरून येणार आहेत?"

रांग हसली. कारकुनाला चेव आला. "उघडा. नियम आहे. आत बघितल्याशिवाय घेता येत नाही."

धाकट्यानं खोकं इतकं ऐटीत बांधलं होतं की ते फाडावंच लागलं. सुनेनं जमिनीवर बसून एकेक टोपली बाहेर काढली. कारकुनानं एकीत हात घातला, उलटी केली, झटकली आणि बोटं पँटला पुसली. मग तिनं तिथंच, लोकांच्या पायांमध्ये बसून, पुन्हा सगळं बांधलं. कुणाचा तरी बूट तिच्या बोटावर पडला. "सरका ना बाई," तो म्हणाला. तिनं वर पाहिलं नाही. ती मनात म्हणत होती, घरी येतील. ह्यातून ते घरी येतील.

उत्तर यायला बरेच दिवस लागले. धाकट्यानं वाचलं आणि मोबाईल खिशात घातला. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा बाहेर काढला. "बाई म्हणते, फोटोत आहे ती ही नाही. ही कच्ची आहे. आपल्या दुकानाला पाचातली एकच चांदणी दिलीय. पैसेही परत घेतले."

"कच्ची?" सासऱ्यांच्या हातातली कामटी मोडली. "मी विणलेली टोपली कच्ची?"

"म्हणजे तिला घाणच हवी होती?" सासू म्हणाली. ती हसली नाही, तिला खरंच कळत नव्हतं.

"आणखी एक तक्रार आली तर दुकान बंद होईल," धाकटा म्हणाला.

सून म्हणाली, "भाऊजी, खरं ते लिहा ना. ती टोपली चुलीवर जुनी झालीय. तो रंग असा लावता येत नाही."

त्यानं लिहिलं. बाईचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, आणि ते फार आनंदी होतं. किती सुंदर गोष्ट सांगितलीत, तिनं लिहिलं होतं. तर मग तशाच करून पाठवा. माझ्या गिऱ्हाइकांना तेच हवं आहे. सांगितल्यासारख्या झाल्या तर एक मोठी खेप घेईन, आणि मग दर महिन्याला घेत जाईन.

"दर महिन्याला!" धाकट्यानं सुनेकडे पाहिलं. "मग बांबू चिरायला माणूस लागणारच. दादाला बोलावून घेऊ."

तो हे मुद्दाम म्हणाला की सहज, ते तिला कधी कळलं नाही. पण त्यानंतर खरं ते लिहा असं ती पुन्हा म्हणाली नाही.

आधी धाकट्यानं बुटाचं पॉलिश लावून पाहिलं. टोपली चमकली, आणि जो तिला शिवला तो काळा झाला. मांजरसुद्धा. मग अंगणात पत्र्याचं पिंप आणलं, आत जाळ केला आणि वर टोपल्या अडकवल्या. एकीनं असा पेट घेतला की शेजारी पाणी घेऊन धावले. बाकीच्या एका अंगानं कोळसा आणि दुसऱ्या अंगानं कोऱ्या राहिल्या.

सासू उंबऱ्यात बसून पोट धरधरून हसत होती. "अरे शहाण्या, धूर म्हणजे काय बादलीतला रंग आहे, बुडवली की झाली? धुराला वळवावं लागतं. बाळाला ऊन दाखवतात तसं टोपलीला फिरवावं लागतं."

तिनं करून दाखवलं. स्वयंपाकघराची खिडकी पोत्यानं बंद केली. निखाऱ्यांवर ओला भुसा टाकला, जाळ होऊ न देता नुसता धूर. टोपली वाशाला टांगली, थोड्या वेळानं फिरवली, मग काढून गरम असतानाच तेलाच्या चिंधीनं पुसली. "गरम असतानाच. गार झाली की काजळी बोटाला येते. गरम असली की आत बसते." पुन्हा टांगली, पुन्हा फिरवली, पुन्हा पुसली. संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातातली टोपली आणि वाशावरची जुनी टोपली बहिणी-बहिणी दिसत होत्या.

धाकट्यानं आईला उचलून घेतलं. सासरे टोपली फिरवून फिरवून बघत राहिले. बायको इतकी वर्षं त्यांच्यासमोर जे करत होती ते काम होतं, हे त्यांना आज कळलं असावं. तसं ते बोलले नाहीत. बोलण्याची पद्धत नव्हती.

चुलीपाशी कोण बसणार, हा प्रश्न त्या घरात कधीच कुणी विचारलेला नव्हता. त्या दिवशीही कुणी विचारला नाही. बाईमाणसाला धूर लागत नाही, असं पुरुषांना पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलंय. धूर सुरू झाला की ते अंगणात जातात, त्यामुळे त्यांचा हा समज मोडायला कुणी जागेवर नसतं.

मग रोज तेच सुरू झालं. सासरे अंगणात विणायचे. धाकटा फोटो काढायचा, मोजायचा, बाईला लिहायचा. सासू तोंडाला ओलं फडकं बांधून आत जायची आणि सून बाहेरून दार ओढून घ्यायची. दाराच्या फळ्यांमध्ये फटी होत्या, धूर बाहेर यायचा, आणि धूर वाया गेला की रंग बसत नाही. म्हणून सून त्या फटींमध्ये ओल्या चिंध्या कोंबायची, खाली, वर, बिजागरीपाशी. मग तिथंच बसून कामट्या तासायची. जेवण अंगणात तीन दगड मांडून व्हायचं. अन्नाला उघडं आभाळ, आणि धुराला माणूस.

आतून खोकला ऐकू यायचा. तीनदा, मग थांबा, मग लांबलचक एक. सुनेला त्या खोकल्याची सवय झाली. खोकला येतोय म्हणजे टोपल्या फिरतायत.

सासू बाहेर यायची तेव्हा तोंडावर फडक्याएवढाच गोरा चौकोन असायचा, बाकी सगळं काळं, आणि त्यात दोन लाल डोळे. धाकटा म्हणायचा, "आई, टोपली कशाला, तुझाच फोटो टाकतो!" ती हसायची. हसण्याचा खोकला व्हायचा. खोकता खोकता ती अंगणाच्या कोपऱ्यात जाऊन थुंकायची आणि पायानं माती ओढायची.

"आई, उद्या मी बसते," सून म्हणायची.

"तू कामट्या तास. तुझा हात बसलाय. माझं काय, माझं अर्धं आयुष्य धुरातच गेलंय." आणि मग आवाज खाली आणून, "तो तिकडं धूळ खातोय. मी इथं धूर खाल्ला तर काय मोठं?"

थोरल्याचा फोन यायचा. "मुकादम विचारतोय, पुढच्या हंगामाला आहेस का. काय सांगू?"

"थांबा म्हणावं," सून म्हणायची. "एवढी खेप जाऊ दे."

"आई कशीय?"

सासू हात पुढे करून फोन घ्यायची. घेण्याआधी छाती भरून श्वास घ्यायची आणि तो धरून ठेवायची. "बरी आहे. जेवलास? जेव. ठेवते." एवढं एका श्वासात बसायचं. फोन सुनेच्या हातात दिला की ती गुडघ्यांवर वाकायची आणि मग तो खोकला यायचा, धरून ठेवलेला.

निम्म्याच्या वर टोपल्या तयार झाल्या होत्या. दुपार होती, वारा पडलेला. सून दाराशी बसून तासत होती. मघापासून आत शांत होतं. तिला बरं वाटलं. दमल्या असतील, ती मनात म्हणाली, क्षणभर टेकल्या असतील. तिनं आणखी एक कामटी घेतली. मग आणखी एक घेतली. कामटीची धार बोटात गेली, तिनं बोट तोंडात घातलं, आणि तोंडात रक्ताची चव आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती शांततेत काम करतेय.

तिनं चिंध्या ओढल्या. दार आत ढकललं तर कशाला तरी अडलं. सासू दाराशी पडली होती. पाटावरून उठून दारापर्यंत आली होती, हात फळीवर होता. तिनं दार वाजवलं असेल का? सुनेला पुढे कित्येक दिवस हाच एक विचार यायचा. वाजवलं असेल, तर ते कामटी तासण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. आणि पडण्याआधी तिनं धुराला टांगलेली नवी टोपली खाली काढून चुलीपासून लांब ठेवली होती, पेटू नये म्हणून.

सुनेनं आणि धाकट्यानं तिला ओढून अंगणात आणलं. सासरे तिच्या तोंडावर पाणी मारत होते आणि धाकट्याला शिव्या देत होते. धाकटा मोबाईल हातात धरून उभा होता आणि कुणाला फोन करायचा ते त्याला आठवत नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टरनं छातीला नळी लावली, पाठीला लावली. "किती सिगारेटी ओढतात?"

"बाई आहे ती," सासरे म्हणाले.

"ते मला दिसतंय. किती?"

"एकही नाही."

डॉक्टरनं कापसाचा बोळा सासूच्या नाकात फिरवून बाहेर काढला आणि सासऱ्यांच्या नाकासमोर धरला. बोळा काळा कुळकुळीत होता. "मग हे काय आहे? काजळ घालता का नाकात?" फोटो, बाई, चांदण्या, हे सगळं त्या खोलीत सांगितलं असतं तर वेडेपणा वाटला असता. "धुराच्या जवळ जायचं नाही," डॉक्टर म्हणाला. "स्वयंपाकाच्यासुद्धा."

सासू परत आली ती खाटेवर. अंगणात लिंबाखाली खाट टाकली. आता ती वाक्य एका दमात बोलू शकत नव्हती. अर्धं बोलायची, थांबायची, उरलेलं बोलायची. ऐकणाऱ्याला वाटायचं विचार करतेय. ती फक्त श्वास गोळा करत असायची.

खेप अपुरी होती. धाकट्यानं दोन दिवस तयार टोपल्या पुन्हा पुन्हा मोजल्या. मग सुनेशेजारी येऊन बसला. "वहिनी, बाई विचारतेय. तारीख गेली तर..."

"तुम्ही बसा की आत."

"मी?"

"का? नाक नाही तुम्हाला?"

त्याला लाज वाटली हे खरं. तो बसला. दार बंद झालं, चिंध्या बसल्या, आणि सालपटांची मूठ भरेपर्यंत दाराला आतून लाथा बसायला लागल्या. बाहेर आला तेव्हा डोळ्यांतून पाणी, भुवया जळलेल्या, आणि मागे एक टोपली ज्योतीसारखी पेटलेली. सुक्या भुश्यावर फुंकर मारली होती त्यानं. धूर होत नाही म्हणून जाळ केला होता.

"एक गेली," सासरे टोपलीकडे बघत म्हणाले. मग कोयता खाली ठेवून उठले. "मी बसतो."

खाटेवरून आवाज आला. "आणि... विणणार कोण? तुमचा बाप?"

सासरे उभे राहिले, उभेच राहिले, मग बसले. धाकटा भुवया चोळत होता. कुणी सुनेकडे पाहिलं नाही. सगळे जमिनीकडे बघत होते, जणू तिथं मुंग्यांची रांग चालली होती.

सून उठली, स्वयंपाकघरात गेली आणि वाशावरची जुनी टोपली काढली. आतल्या लसणासकट चुलीवर धरली. सासूला अंगणातून उघड्या दारातून ते दिसत होतं.

"ती कशाला... जाळतेस," सासू म्हणाली. श्वास घेतला. "फोटो तर गेलाय."

खरंच होतं ते. टोपली इथं होती, पण तिचं चित्र साता समुद्रापलीकडे गेलं होतं, मांजरासकट, आणि ते आता कुणाच्या हातात नव्हतं. सुनेनं टोपली लसणासकट परत टांगली. फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं आणि तोंडाला बांधलं. धाकट्याला म्हणाली, "चिंध्या नीट कोंबा. आणि मोबाईल बाजूला ठेवून कान इकडं द्या."

धूर आधी डोळ्यांत येतो. डोळे मिटून घेतले की नाकात येतो. नंतर तो घशात चव होऊन बसतो, कडू, जुन्या नाण्यासारखी. पण त्याची सवय होते, आणि ते सर्वांत वाईट. तिसऱ्या-चौथ्या टोपलीनंतर ती विसरून गेली की ती धुरात आहे. हात आपोआप वर जायचे, टोपली फिरवायचे, खाली काढायचे, चिंधी फिरवायचे. डोकं हलकं व्हायचं, मागच्या मागे निसटल्यासारखं. सासूच्या पाटाला मध्ये खोलगा पडला होता, बसून बसून. तो तिला बरोबर बसला. दोन बायकांची माणसं वेगळी, माहेरं वेगळी, बांधा वेगळा, पण खोलगा बरोबर बसला, ह्याचाच तिला राग आला. त्या रागानं तिनं उरलेली खेप पुरी केली.

पोस्टातला कारकून म्हणाला, "आले, रिकाम्या टोपल्यावाले आले!" यावेळी त्यानं हात आत घातला नाही. वास घेतला आणि मागे सरकला. "घर जळालं का तुमचं?"

"हो," सून म्हणाली. "शिक्का मारा."

थोरला घरी आला. मुकादमाला त्यानं नाही म्हणून सांगितलं होतं. पिशवी खाली ठेवून तो आईच्या खाटेपाशी बसला. तिला पाहिलं, मग बायकोला. काय झालं ते त्याला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं.

"हे काय?" तो म्हणाला.

"तुम्ही आलात ना," सून म्हणाली.

तो दुसऱ्या दिवसापासून बांबू चिरायला लागला. थोडं चिरायचा, बसायचा, खोकायचा. सकाळी मोरीत दोघं एकापाठोपाठ एक उभी राहायची. त्याची थुंकी पांढरी, तिची काळी. एकदा दोघांची शेजारी शेजारी पडली. त्यानं पाहिलं, तिनंही पाहिलं, आणि तिनं तांब्याभर पाणी ओतलं.

बाईचं पत्र आलं तेव्हा सगळे अंगणात होते. धाकट्याच्या भुवया अजून पुरत्या उगवल्या नव्हत्या, पण आवाज चढला होता. "पाच चांदण्या! पाचही! आणि दुप्पट मागितल्यात. ऐका, काय लिहिलंय." तो एकेक शब्द लावत वाचू लागला. "गिऱ्हाइकांना फार आवडल्या. टोपली हातात घेतली की घराचा वास येतो. जुन्या, प्रेमळ घराचा."

सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांना बरं वाटलं होतं. कच्ची हा शब्द पुसला गेला होता.

खाटेवर सासूनं डोळे उघडले. "कुणाच्या..." तिनं श्वास गोळा केला. लिंबाचं एक पान तिच्या छातीवर पडलं होतं, ते वर-खाली होत होतं. "कुणाच्या घराचा?"

"तसं नाही आई," धाकटा म्हणाला. "चांगलं लिहिलंय ते."

"हं."

सून उठली. बादलीतून फडकं काढून पिळलं. थोरला कोयता टाकून उभा राहिला, म्हणाला, "मी बसतो आज."

"तुम्ही?" ती म्हणाली. "तुमच्यात जागा कुठं राहिलीय?"

ती आत गेली. दार तिनं आतून लोटलं. आत भुसा टाकल्याचा आवाज आला, मग खालच्या फटीतून धुराची पहिली रेघ बाहेर आली. थोरला त्या रेघेकडे बघत उभा राहिला. त्याला माहीत नव्हतं काय करायचं असतं.

"चिंध्या," सासू म्हणाली. "तिथं... बादलीत. खालून घाल."

तो गुडघ्यांवर बसला आणि ओली चिंधी फळीखाली सरकवू लागला. दगडाच्या कचीनं त्याची बोटं अजून फुटलेली होती, चिंधीला ती अडकत होती. खालची फट बुजली. वरची बुजली. बिजागरीपाशी धूर येत होता, तिथंही त्यानं कोंबलं.

"घातल्या," तो म्हणाला.

"आता तिथंच बस." सासूनं श्वास घेतला. आतून खोकला आला, तीनदा, मग थांबा, मग लांबलचक एक. सासूनं बोट वर केलं. "हा... ऐक. ऐकत राहा. हा थांबला की..."

ती थांबली. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"...दार उघड."